डेथली हॅलोजमधले तंबूचे चॅप्टर्स अजिबात कंटाळवाणे नाहीत

हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, सुरुवात भारी, शेवट तर अफाट, पण मधे हॅरी, रॉन आणि हर्मायनी हे तिघं रानोमाळ तंबू ठोकत फिरतात ना, तो भाग जाम रटाळ आहे, आम्ही तर भराभर पानं उलटली. हे ऐकलं की मला राहवत नाही. माझ्या मते 'डेथली हॅलोज'मध्ये युद्ध खऱ्या अर्थाने कुठे दिसत असेल तर ते साधारण 14 ते 22 या चॅप्टर्समध्येच दिसतं, शेवटच्या, हॉगवर्ट्स या त्यांच्या जादूच्या शाळेतल्या लढाईपेक्षाही जास्त. (पुढे सगळं उघड करून लिहिलंय, पुस्तक 2007 मध्ये आलंय त्यामुळे बहुतेकांनी वाचलं असेलच, पण नसेल वाचलं तर आधी वाचून या प्लीज.)

आधी एक लक्षात घ्या की या तिघांकडे काय आहे. वयाची 17 वर्षं, कारण जादूगारांच्या जगात 17 पूर्ण झाली की माणूस सज्ञान. हर्मायनीची ती मण्यांची छोटीशी पर्स, जिच्यात तिने जादूने तंबू, पुस्तकं, कपडे, औषधं सगळं कोंबलंय. आणि दिवंगत हेडमास्तर डम्बलडोरनी मागे ठेवलेल्या तीन वस्तू, ज्यांचा उपयोग काय हे कोणालाच माहीत नाही. बास. प्लॅन नाही, सैन्य नाही, वर कोणी मोठं माणूस नाही. जादूगारांचं मंत्रालय व्होल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराच्या ताब्यात गेलंय, आणि त्याचं नाव तोंडातून निघालं तरी पत्ता लागतो, संरक्षणाची सगळी जादू तुटते आणि पकडणारे दारात हजर होतात.

आणि निघण्याआधी हर्मायनीने काय केलंय ते तर मला दरवेळी वाचताना थांबवतं. तिने स्वतःच्या आईवडिलांच्या आठवणी बदलल्यात, त्यांना वाटतंय की आपण वेंडेल आणि मोनिका विल्किन्स आहोत आणि आपल्याला ऑस्ट्रेलियात राहायला जायचंय, आणि आपल्याला एक मुलगी आहे हेच त्यांना आता माहीत नाही. म्हणजे ती मेली तरी त्यांना दुःख होणार नाही याची सोय तिने आधीच करून ठेवली. हे ती दोन-चार वाक्यांत सांगते, रडू आवरत, आणि पुस्तक पुढे जातं. लढाईत छडी चालवायला धाडस लागतं हे मान्य, पण घरातून स्वतःला असं पुसून टाकायला जे लागतं ना, त्याला काय म्हणायचं मला कळत नाही.

मग भूक येते. लोकांना जो भाग बोअर वाटतो तो मुळात भुकेचा भाग आहे! जादूने हवेतून अन्न तयार करता येत नाही, गॅम्पच्या नियमाला जे पाच अपवाद आहेत त्यातलं पहिलं अन्नच. असलेलं वाढवता येतं, कुठे आहे माहीत असेल तर मागवता येतं, पण काहीच नसेल तर काहीच नाही. त्यामुळे जगातली हुशार जादूगार मुलगी डबड्यात रानटी मशरूम शिजवते आणि रॉन त्यावर कुरकुर करतो, आणि मग तिचा स्फोट होतो की स्वयंपाक मीच का करायचा. एके ठिकाणी शेतावरची अंडी आणि पाव मिळतो, पोटभर खाणं होतं, आणि हर्मायनी विचारते की ही चोरी तर नाही ना झाली, मी खुराड्याखाली पैसे ठेवलेत. सगळं जग उलटंपालटं झालंय, तिच्यासारख्या मगलबॉर्न (आईवडील जादूगार नसलेल्या) लोकांना मंत्रालय चौकशीला बसवून तुम्ही जादू चोरलीत म्हणून अझकबानच्या तुरुंगात पाठवतंय, आणि ही पोरगी कोंबड्यांच्या खुराड्याखाली पैसे ठेवतेय. कोण कोणाशी लढतंय आणि का, हे मला त्या एका वाक्यात जेवढं कळतं तेवढं मंत्रालयातल्या सगळ्या धावपळीत कळत नाही.

पोटात काही नसलं की माणसं एकमेकांवरच उठतात, आणि गळ्यात हॉरक्रक्स असेल तर बघायलाच नको. हॉरक्रक्स म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा दडवलेली वस्तू, त्या शोधून नष्ट करायलाच हे तिघं निघालेत, पण हाती आलेलं हे लॉकेट नष्ट कसं करायचं माहीत नाही, हरवूनही चालणार नाही, म्हणून तिघं आळीपाळीने ते घालतात. ज्याची पाळी असते तो चिडचिडा होतो. हॅरीला ते गळ्यात असताना पेट्रोनस ही बचावाची जादूसुद्धा जमत नाही. सगळ्यात जास्त त्रास रॉनला होतो, कारण एकतर मंत्रालयातून निसटताना त्याच्या दंडाचा लचका गेलाय आणि दुसरं म्हणजे त्याचं अख्खं कुटुंब बाहेर त्या धोक्यात आहे. हॅरीचं तिथे कोणी नाही, आणि भांडणात रॉन नेमकं तेच तोंडावर फेकतो. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. तो निघून जातो तेव्हा पाऊस पडत असतो, हर्मायनी त्याच्या मागे धावते आणि भिजून एकटी परत येते. बरेच वाचक रॉनला याबद्दल माफ करत नाहीत, मी मात्र पूर्ण त्याच्या बाजूने आहे. आठवड्यांमागून आठवडे काहीच घडत नाही, पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नाही, घरची खबर नाही, आणि तुमच्या गळ्यात एक वस्तू आहे जी तुमच्या मनातली सगळ्यात घाण भीती कानात कुजबुजते. आणि गेल्या गेल्या त्याला पश्चात्ताप झालेला असतो, पण तो पकडणाऱ्या टोळीच्या तावडीत सापडतो आणि सुटून येईपर्यंत हे दोघं जागा बदलून गेलेले असतात. युद्धात चुकामूक अशीच होते, कोणाचा दोष नसतानाही.

रॉन गेल्यानंतरची ती जागा आठवतेय का, हॅरी रात्री छडीच्या उजेडात मराउडर्स मॅप, म्हणजे शाळेतला प्रत्येक जण ठिपका म्हणून दाखवणारा जादूचा नकाशा, काढून बसतो? आधी तो रॉनचा ठिपका हॉगवर्ट्सच्या कॉरिडॉरमध्ये उगवतो का ते बघत असतो. नंतर नंतर तो मॅप नुसता जिनीचं, म्हणजे रॉनच्या बहिणीचं, जिच्यावर त्याचं प्रेम आहे, नाव बघायला काढतो, मुलींच्या डॉर्मिटरीत तो ठिपका आहे, म्हणजे ती सुखरूप आहे, एवढंच. कसलाही मंत्र नाही, संवाद नाही. त्या वयाच्या मुलाने दूरच्या माणसाची काळजी कशी करावी हे याहून नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

बातम्यांचंही तसंच. नदीकाठी रात्री काही माणसं आणि गॉब्लिन जेवायला बसलेत, हे तिघं लपून ऐकतात, आणि त्या ऐकीव गप्पांमधून कळतं की जिनी आणि तिच्या काही मित्रमैत्रिणींनी शाळेचा नवा हेडमास्तर स्नेपच्या ऑफिसमधून तलवार चोरायचा प्रयत्न केला. त्यातले टेड टॉन्क्स आणि डर्क क्रेसवेल पुढे मारले जातात, आणि ते कळतं कुठे तर पॉटरवॉचवर. पासवर्ड टाकून लागणारं चोरून चालवलेलं रेडिओ स्टेशन, ली जॉर्डन निवेदक, ल्युपिन आणि किंग्स्ली आणि फ्रेड टोपणनावाने बोलतायत. इतक्या महिन्यांनी ओळखीचे आवाज ऐकून तिघांच्या अंगात जान येते, आणि त्याच उत्साहाच्या भरात हॅरीच्या तोंडून व्होल्डेमॉर्टचं नाव निघतं आणि ते पकडले जातात. ज्या आनंदाची वाट बघत आपण पण त्यांच्याबरोबर इतकी पानं काढली, त्याच आनंदाने घात होतो, आणि आधीची पानं उलटून आलेल्याला हा धक्का बसूच शकत नाही. म्हणून म्हणते, स्किप करू नका.

तंबूच्या भागाची दुसरी बाजू म्हणजे त्यांच्या वर्गमित्राची, नेव्हिलची शाळा. ते वर्ष आपल्याला दिसतच नाही, रूम ऑफ रिक्वायरमेंटकडे जाताना तो थोडक्यात सांगतो तेवढंच. व्होल्डेमॉर्टच्या बाजूची कॅरो भावंडं शिक्षक होऊन आलीयत, शिक्षा झालेल्या मुलांवर क्रुशिएटस या यातना देणाऱ्या मंत्राचा सराव करायला लावतात, नेव्हिल नाही म्हणतो. कॅरो बाईंना विचारतो की तुमच्यात आणि तुमच्या भावात मगल रक्त किती आहे, आणि चेहऱ्यावर जखम घेतो. रात्री भिंतींवर डम्बलडोर्स आर्मीची भरती चालू आहे असं रंगवतात. त्याच्या मैत्रिणीला, लूनाला ख्रिसमसला ट्रेनमधून उचललं, ईस्टरनंतर जिनी परत आली नाही, मायकल कॉर्नरने साखळीत बांधलेल्या एका पहिल्या वर्षातल्या मुलाला सोडवलं आणि पकडला गेल्यावर त्याचे भयंकर हाल केले. शेवटी नेव्हिलला धाक बसवायला त्याच्या आजीला पकडायला माणूस पाठवतात, तर त्या आजी त्याला हॉस्पिटलात पोचवून स्वतः फरार! आणि नातवाला पत्र, की मला तुझा अभिमान आहे. चौथ्या-पाचव्या पुस्तकापर्यंत जो मुलगा स्वतःला निकामी समजायचा, त्याला हे पत्र मिळालंय, आणि ते तो खिशात घेऊन फिरतोय.

आणि इथे लेखिकेने एक सुंदर गाठ मारलीय जी मधले चॅप्टर्स न वाचणाऱ्याला कळणारच नाही. नेव्हिल सांगतो की ती रूम मागाल ते सगळं देते पण अन्न देत नाही, भूक लागली म्हणून तर हॉग्स हेड या पबकडे जाणारा बोगदा उघडला. आणि त्यावर गॅम्पच्या पाच अपवादांचा नियम कोण सांगतं? रॉन! सगळे थक्क होऊन बघतात. पण आपल्याला माहितीय ना तो हा नियम कुठे शिकला, तंबूत, मशरूमवर भांडताना. इकडे तंबूत आणि तिकडे शाळेत, दोन्हीकडे तीच भूक होती, फक्त एकमेकांना माहीत नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र माझं पुस्तकाशी पटत नाही. सुरुवातीला आकाशातल्या पाठलागात हॅरी पाठलाग करणाऱ्यांमधल्या स्टॅन शनपाइकला ओळखतो, तो जादूच्या अमलाखाली आहे हे त्याला कळतं, बेशुद्ध केलं तर तो एवढ्या उंचीवरून पडून मरेल म्हणून हॅरी फक्त त्याची छडी उडवतो. ल्युपिन त्याला झापतो, पण तो ऐकत नाही, वाटेत आला म्हणून मी कोणाला उडवणार नाही म्हणतो. हा माझा हॅरी. आणि तोच मुलगा शेवटी शेवटी, प्रोफेसर मॅकगॉनागलवर थुंकला म्हणून अ‍ॅमिकस कॅरोवर क्रुशिएटस वापरतो, जो मंत्र नेव्हिलने मार खाऊन नाकारला, आणि त्याबद्दल पुढे अवाक्षरही नाही. मॅकगॉनागल तर चक्क त्याला शाबासकी दिल्यासारखं बोलतात. युद्धात चांगली माणसंही घसरतात हे मला मान्य आहे, पण मग नंतर एकदा तरी त्याच्या मनात ते टोचायला हवं होतं, एक परिच्छेद पुरला असता.

लढाईबद्दल मी कमीच बोलतेय कारण तिच्याबद्दल सगळेच बोलतात, मॉली आणि बेलाट्रिक्स, नेव्हिल आणि साप वगैरे. मला लक्षात राहतो तो कॉलिन क्रीव्ही. 17 पूर्ण नसलेल्यांना आधीच बाहेर काढलेलं असतं, हा कधीतरी चोरून परत आलेला. तोच कॅमेरा घेऊन हॅरीच्या मागे मागे फिरणारा. नेव्हिल आणि ऑलिव्हर वुड त्याला आत आणत असतात आणि ऑलिव्हर म्हणतो की राहू दे, मी एकटा नेतो, आणि खांद्यावर टाकून घेऊन जातो. इतका लहान होता तो. त्याच रात्री हॅरी जंगलाकडे जाताना जिनी एका जखमी मुलीजवळ बसलेली दिसते, ती मुलगी आईला हाक मारतेय, मला घरी जायचंय म्हणतेय. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. आणि हॅरी थांबू शकत नाही, कारण तो स्वतः मरायला निघालाय.

म्हणूनच फिल्मचा शेवट मला आवडत नाही. 2011 च्या दुसऱ्या भागात व्होल्डेमॉर्टच्या अंगाचे कपटे होऊन हवेत उडून जातात, दिसायला जबरदस्त. पुस्तकात तो साध्या माणसासारखा जमिनीवर कोसळतो, बॉडी मागे राहते, आणि ती उचलून फ्रेड, ल्युपिन, टॉन्क्स, कॉलिन आणि बाकीच्या पन्नास जणांपासून लांब, वेगळ्या खोलीत नेऊन ठेवतात. कोणीतरी ती उचलली असणार, कोणीतरी ठरवलं असणार की याला यांच्याजवळ ठेवायचं नाही. सगळी पोरं रात्रभर लढून दमलेली, उपाशी, आणि हे कामही त्यांच्याच शाळेत त्यांच्यासमोरच उरकायचं. फिल्मवाल्यांनी तेवढं तरी तसंच ठेवायला हवं होतं.