आप्पा, गवत आणि मिनेसोटा

अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य म्हटलं की सगळे तळ्यांबद्दल बोलतात. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं, आणि मोजायला बसलं तर दहा एकरांहून मोठी तळी 11,842 भरतात. पण गेल्या सप्टेंबरात आप्पा पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मी ठरवलं की त्यांना आधी गवत दाखवायचं. आमचे आप्पा सोलापूर जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. अख्खं आयुष्य ज्वारी आणि माळ यांच्यात गेलेलं. ज्या माळाला सरकारी कागदावर 'पडीक' म्हणतात, त्यातल्या गवतांची नावं त्यांना नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ आहेत.

मिनेसोटात तीन मोठे निसर्गप्रदेश एकमेकांना भिडतात. पश्चिमेला आणि दक्षिणेला उंच गवताची प्रेअरी, मधून तिरका गेलेला पानझडी जंगलाचा पट्टा, आणि उत्तर-पूर्वेला पाइन, स्प्रूसचं सूचिपर्णी जंगल. वायव्येच्या कोपऱ्यात अ‍ॅस्पेनची झाडं आणि गवत यांची सरमिसळ असलेला एक चौथा तुकडाही आहे. आम्ही नैऋत्येच्या टोकापासून सुरुवात करून ईशान्येपर्यंत जायचं ठरवलं, म्हणजे गवतातून जंगलात.

मिनिआपोलिसहून चार तास गाडी चालवून लुव्हर्न गावाजवळच्या ब्लू माउंड्सला पोचलो. तोवर दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरी, हितं बांध कुठं दिसंना." मी त्यांना सांगितलं की इथल्या शेतकऱ्याची अडचण आपल्या उलटी आहे. या जमिनीत पूर्वी पाणी साचून राहायचं, म्हणून शेताखाली नळ्या पुरून ते बाहेर काढतात. पाणी शेतातून घालवायचं ही कल्पना त्यांना पचायला पुढचे वीस मैल लागले.

ब्लू माउंड्स हा राखून ठेवलेला माळ आहे. पूर्वेकडून येणाऱ्या वसाहतवाल्यांना क्षितिजावरचा हा उंचवटा निळसर दिसला, म्हणून हे नाव. जवळ गेलं की खडक गुलाबी-तांबडा आहे. सू क्वार्ट्झाइट म्हणतात त्याला. 160 कोटी वर्षांहून जुन्या वाळूचा दाबून, घट्ट होऊन झालेला दगड. दक्षिणेच्या बाजूला त्याचा सुमारे शंभर फुटांचा कडा उभा आहे. माथ्यावर मातीचा थर इतका पातळ की तिथे नांगर चाललाच नाही, आणि म्हणूनच गवत वाचलं.

आप्पा पायवाटेवरून चार पावलं गेले आणि थांबले. समोर त्यांच्या डोक्याहून उंच गवत होतं, देठ जांभळट-तांबूस झालेले, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला तीन बोटांसारखा फुटलेला तुरा. बिग ब्लूस्टेम. त्यांनी तुरा तोडला नाही, फक्त दोन बोटांत धरून खालून वर नेला, ज्वारीचं कणीस बघतात तसा. "ही आपल्या मारवेलची थोरली बहीण हाय," म्हणाले.

मला गहिवरून आलं, कारण ते खरं आहे. मारवेल, पवन्या, कुसळी ही आपल्या माळावरची गवतं आणि ब्लूस्टेम एकाच गटातली. त्याच गटात ज्वारी येते, ऊस येतो आणि मकाही येतो. म्हणजे सकाळपासून आम्ही जे मैलोनमैल बघत आलो, ते एका गवताला हुसकून त्याच्याच चुलत भावंडाला जमीन दिल्याचं दृश्य होतं. या राज्यात एकेकाळी 1 कोटी 80 लाख एकर प्रेअरी होती. आज तिच्यातली 2 टक्केसुद्धा उरलेली नाही. 1837 मध्ये जॉन डीअरने पोलादी फाळाचा नांगर काढला आणि जी चिवट माती लाकडी-लोखंडी नांगरांना दाद देत नव्हती ती उलटू लागली. 1862 मध्ये सरकारशी झालेल्या युद्धानंतर इथल्या मूळनिवासी डकोटा लोकांना या राज्यातून हाकलून दिलं गेलं. गवत गेलं आणि ते गवत ज्यांना कळत होतं ती माणसंही गेली. हे वाचताना दरवेळी माझं मन खट्टू होतं.

डकोटा लोक हा माळ मुद्दाम जाळायचे. ब्लूस्टेमची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि नवा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो, म्हणून वणव्यानंतर गवत पुन्हा उसळून येतं, बायसन त्या कोवळ्या गवतावर येतात आणि मध्येच रुजू बघणारी झाडं मरतात. आजही इथले वनरक्षक ठरवून, वारा बघून आग लावतात. वणवा थांबला की माळाचं रान होतं. आप्पांना हे नवं नव्हतं. त्यांना नवल वाटलं ते सरकार स्वतः जाळतं याचं.

बायसन आम्हाला लांबून दिसले. आपला गवा वेगळा, हे वेगळे. खांद्यावर मोठं वशिंड आणि पुढच्या भागावर दाट केस. इथला कळप 1961 मध्ये नेब्रास्कातून आणलेल्या तीन जनावरांपासून वाढवला आहे. परत येताना खडकाच्या भेगेत एक बुटका फड्या निवडुंग दिसला. आप्पा खाली बसून बघत राहिले. त्यांच्या बांधावर ह्याच कुळातला निवडुंग आहे, आणि तो मूळचा अमेरिकेतला, हे मी त्यांना तिथे सांगितलं. "म्हंजे ह्याचं माहेर हितं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा वर गेलो. माथ्यावर दगडांची एक सरळ रांग आहे, 1,250 फूट लांब, पूर्व-पश्चिम. कुणी रचली याची नोंद नाही. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास सूर्य तिच्या टोकाच्या रेषेत उगवतो. आम्ही नेमके 22 सप्टेंबरला तिथे होतो. गवतावरच्या दवात पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि रांगेच्या त्या टोकाला तांबडा गोळा वर आला तेव्हा आप्पांनी हात जोडले.

तिथून उत्तरेकडे जाणारा हायवे 75 धरला. पाइपस्टोनला थोडं थांबलो. तिथल्या तांबड्या मऊ दगडातून चिलमी कोरतात, आणि तो खणण्याचा हक्क फक्त मूळनिवासींना आहे. पुढे जमीन सपाट होत गेली, इतकी की आप्पा म्हणाले, पाटा फिरवलाय जणू. आणि ते एका तळ्याचं काम आहे. हिमयुग ओसरताना वितळलेल्या बर्फाचं इथे एक प्रचंड सरोवर झालं होतं, लेक अगासिझ, उत्तर अमेरिकेतली आजची पाचही महासरोवरं एकत्र केली तरी त्याहून मोठं. आपण त्याच्या तळावरून गाडी चालवतो. त्याच्या किनाऱ्याची वाळू-खडी अजून लांबलचक उंचवट्यांच्या रूपात शिल्लक आहे, आणि खडीत पीक येत नाही म्हणून तिथेही गवत वाचलं. मूरहेडच्या पूर्वेला, ग्लिंडन गावाजवळची ब्लूस्टेम प्रेअरी अशीच एका जुन्या किनाऱ्यावर आहे.

या जागेशी माझं वेगळं नातं आहे. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये मी इथे एकटी आले होते, उजाडायच्या आधी लाकडी लपणात जाऊन बसायला. कडाक्याची थंडी होती. अंधारात आधी आवाज आला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, घुमणारा. मग फटफटलं आणि प्रेअरी चिकन दिसले, कोंबडीएवढे पक्षी. नर गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवून, मान खाली घालून, पाय इतके भराभर आपटत होते की जमिनीवर बोटांनी ताशा वाजवल्यासारखं ऐकू येत होतं. माद्या मात्र निवांत चालत होत्या. लहानपणी आप्पांनी मला नान्नजच्या माळावर माळढोक दाखवला होता. तोही असाच गळा फुगवून, माळावर ठरलेल्या जागी उभा राहून मादीला बोलावतो. त्या दिवशी लपणात मला रडू आलं होतं. माळढोक आमच्या भागातून जवळजवळ गेला. हे पक्षी इथे अजून आहेत, कारण कुणीतरी वेळेत थोडा माळ राखला.

सप्टेंबरात नाच नसतो. तरी आप्पांना तिथे उभं करून मी तो आवाज काढून दाखवला.

ग्लिंडनहून हायवे 10 ने डेट्रॉइट लेक्सकडे निघालं की तासाभरात देश बदलतो. हिमनद्यांनी ढकलून टाकलेल्या मातीच्या टेकड्या सुरू होतात, दोन टेकड्यांमध्ये तळं, आणि गवतात एकेकटे बर ओक. या ओकची साल इतकी जाड की वणव्यातही तग धरते, म्हणून सीमेवरचा पहारा त्याच्याकडे. पश्चिमेचा कोरडा वारा आग घेऊन यायचा आणि तळ्यांपाशी अडायचा. जिथे आग अडली, तिथे तळ्याच्या पलीकडे मेपल आणि बासवूडचं जंगल झालं. डेट्रॉइट लेक्सच्या ईशान्येला टॅमरॅक नावाचं अभयारण्य आहे, तिथे हे तिन्ही प्रदेश एकमेकांत मिसळतात. एका टेकडीवरून मी आप्पांना हात करून दाखवलं: मागे गवत, समोर पिवळे-तांबडे पडू लागलेले मेपल, आणि त्यांच्यामागे पाइनची काळसर रेघ.

तिथल्या उथळ तळ्यांत वाइल्ड राइस, म्हणजे जंगली भात, होतो. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. दोघं जण होडीत, एक होडी ढकलतो, दुसरा दोन काठ्यांनी लोंब्या होडीत वाकवून हलकेच झोडतो. पिकलेला दाणा होडीत पडतो, बाकीचा पाण्यात पडून पुढच्या वर्षीचं बी होतो. रस्त्याकडेच्या एका दुकानात आम्ही पिशवीभर विकत घेतला. रात्री शिजवला, काळा लांब दाणा फुटून आतून पांढरा झाला, धुराचा वास. आप्पांनी तो वरणाशी खाल्ला. हेही शेवटी गवतच.

इटास्का उद्यानात मिसिसिपी नदी एका तळ्यातून बाहेर पडते. पात्रात मांडलेल्या दगडांवरून माणसं अल्याड-पल्याड जातात. इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत तिला 2,552 मैल जायचं असतं, असं तिथल्या लाकडी खांबावर कोरलेलं आहे. 1832 मध्ये हेन्री स्कूलक्राफ्टने ही जागा 'शोधली' असं म्हणतात, पण त्याला इथवर आणलं ओझाविंडिब या ओजिब्वे प्रमुखाने. मला इथे नदीपेक्षा रेड पाइन आवडतात. दोनशे वर्षांपलीकडची झाडं, खोडावर तांबूस खवले, आणि खाली सुयांचा असा थर की पावलांचा आवाज येत नाही. 1891 मध्ये उद्यान जाहीर होऊनही लाकूडतोड चालू होती. 1903 मध्ये वडील वारल्यावर चोवीस वर्षांची मेरी गिब्ज उद्यानाची प्रमुख झाली, आणि लाकूडवाल्यांनी तुंबवलेलं पाणी सोडण्यासाठी ती त्यांच्या बंदुकीसमोर उभी राहिली. आप्पांनी ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.

शेवटी डुलुथ आणि लेक सुपीरिअरचा उत्तर किनारा. हे सरोवर 82,100 चौरस किलोमीटरचं आहे, महाराष्ट्राच्या चौथाईहून मोठं. पण गूजबेरीच्या धबधब्यापाशी आप्पा पाणी सोडून दगडाकडे बघत होते. "हा तर आपला काळा पत्थर." होय, बेसाल्टच. आपला सह्याद्री साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हा 110 कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागला होता तेव्हाचा. फाटता फाटता थांबला, आणि त्या खचलेल्या जागेत पुढे सरोवर झालं. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत अकीक भरलेले असतात. किनाऱ्याच्या गोट्यांत आप्पांनी तासभर शोधून एक मिळवला, चिंचोक्याएवढा, तांबड्या-पांढऱ्या रेघांचा. उन्हाकडे धरून बघितला, थुंकी लावून पुसला, पुन्हा बघितला. मग ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. "गोड हाय गं!"

परतीच्या वाटेवर ते डोळे मिटून बसले होते. पाइन संपले, मेपल आले, मग शेतं. मिनिआपोलिस तासाभरावर असताना त्यांनी एकदम काचेवर टकटक केलं. हायवेच्या कडेला, कुंपणाच्या आत, दहा-बारा फूट रुंदीची एक पट्टी कुणी न कापता ठेवली होती.

"ती बघ," आप्पा म्हणाले, "तीन बोटं."