पानगळ पोत्यात भरून ठेवा

शिशिर आला की झाडाखाली पानांचा सडा पडतो. तो कृपा करून जाळू नका, त्याचं सुरेख खत होतं. वाळलेली पानं पायाखाली तुडवून चुरा करा, पाणी शिंपडा आणि पोत्यात भरा. मूठभर चुरा पिळून पाहा: हाताला ओल लागावी, थेंब मात्र टपकू नये. बहुतेकांचं इथेच चुकतं. कोरडी पानं वर्षानंतरही जशीच्या तशी निघतात, कारण कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. फार भिजली तर हवा कोंडून आंबूस वास सुटतो. प्लास्टिकची पिशवी असेल तर 10-12 भोकं पाडा. जाड, चिवट पानं वेगळी ठेवा, त्यांना 2 वर्षंही लागतात. बाकीची वर्षभरात काळी, भुसभुशीत होतात आणि पोतं उघडताच ओल्या मातीचा वास दरवळतो!