दोन पूल आणि एक क्रियापद

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. बेतीच्या फेरीबोटीला रांगा लागल्या आणि आमच्या नववीच्या वर्गाला दुसरा विषयच उरला नाही. इंग्रजीच्या तासाला बाईंनी त्यावरच एकेक वाक्य लिहायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या एकाने लिहिलं, ‘द ब्रिज ब्ल्यू अप.’

बाई रागावल्या नाहीत. ‘‘अरे, मांडवीच्या पुलाला सुरुंग लावला का कोणी? तो कोसळला. कोलॅप्स्ड म्हण, गेव्ह वे म्हण. ब्लो अप म्हटलं की स्फोट झालाच पाहिजे.’’ मग खडू उचलून म्हणाल्या, ‘‘ब्लो अप म्हणजे काय ते आपल्या बोरीला विचारा.’’

डिसेंबर १९६१मध्ये, गोवा मुक्त होत असताना, माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने झुवारीवरचा बोरीचा पूल उडवून दिला होता. भारतीय फौजेला मडगावच्या बाजूला जायला पाण्यातून वाट काढावी लागली. वर्गात बोरीची मुलं होती. पूल उडाल्याच्या गोष्टी त्यांनी घरी आजोबांकडून ऐकलेल्या. त्या दिवशी तीच मुलं बाईंना तपशील पुरवत होती आणि बाई एकेक वाक्य फळ्यावर इंग्रजीत मांडत होत्या. पोर्तुगीजांनी पूल उडवला: ‘दे ब्ल्यू अप द ब्रिज.’ पूल उडवला गेला: ‘द ब्रिज वॉज ब्लोन अप.’ ‘दे ब्ल्यू द ब्रिज अप’ हेही चालतं. पण ‘पुला’ऐवजी ‘इट’ आलं, तर त्याची जागा मधेच. ‘ब्ल्यू इट अप’. ‘ब्ल्यू अप इट’ असं कधीच नाही. ही शेवटची ओळ बाईंनी दोनदा अधोरेखित केली.

पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे पुढचं शिकवायला बाईंना खिडकीबाहेर बोट दाखवणं पुरलं. वाऱ्याने आंबा आडवा झाला तर ‘ब्लो डाउन’, कौलं उडाली तर ‘ब्लो ऑफ’, जुनी भिंत आपण होऊन पाडली तर ‘पुल डाउन’, घर जळून खाक झालं तर ‘बर्न डाउन’. फुगा फुगवणं, फोटो मोठा करून घेणं, माणसाचा एकदम भडका उडणं, यांनाही ‘ब्लो अप’च, ते त्यांनी भराभर सांगून टाकलं.

इंग्रजीच्या भीतीपोटी पाठांतर करणाऱ्या आम्हा मराठी माध्यमाच्या मुलांना नाश कोणी केला, कशाने झाला, हे आधी विचारायची सवय बाईंनी लावली. आज मी वृत्तपत्रात भाषांतराच्या टेबलावर बसतो. इंग्रजी बातमीत स्फोट, आग, दरड असं काही आलं की ती सवय मला रोज उपयोगी पडते. मूळ बातमीत ‘ब्लोन अप’ असेल तर ‘उडवला’, ‘कोलॅप्स्ड’ असेल तर ‘कोसळला’. यात हयगय झाली की निष्पाप माणसावर घातपाताचा आळ येऊ शकतो.

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. बाईंच्या तासाच्या वह्या ज्यांनी ज्यांनी जपून ठेवल्या असतील, त्या गोळा करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. माझी वही मी या अंकाच्या प्रकाशनाला येताना घेऊन येतो.