आईची नवीन मशीन
आज आईला कानाची मशीन बसवली. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, खालच्या पट्टीचं ठीक होतं पण वरच्या पट्टीचे आवाज ६० डेसिबलपर्यंत वाढवल्याशिवाय तिला ऐकूच येत नव्हते, म्हणजे बोलणं पोचतं पण स, श, फ, थ निसटतात. "ऐकू येतंय गं, पण कळत नाही" असं ती कधीपासून सांगत होती आणि आम्ही नुसते अजून मोठ्याने ओरडायचो, आज खूप वाईट वाटलं त्याचं.

तिच्या बोटांत संधिवात, ते एवढेसे बटण सेल दर आठवड्या-दहा दिवसांनी बदलणं जमलंच नसतं म्हणून चार्जिंगवाली घेतली, दोन्ही कानांना, कारण एकाच कानाने आवाज कुठून आला ते नीट कळत नाही.

घरी आल्यावर कुकरच्या शिट्टीला दचकली, स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतोय म्हणाली. मशीन बसवणाऱ्या मॅडमनी सांगितलंय की सुरुवातीला घरातच थोडे थोडे तास घालायची, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात, मग परत सेटिंग करायचं.

संध्याकाळी कणीक मळता मळता मधेच थांबली, हात हलवून बघितला आणि म्हणाली, "अगं, माझ्या बांगड्या वाजतायत."