भांडी कोण घासतं?

मार्गशीर्षातला गुरुवार, रात्री उशिरा

डॉक्टरीणबाई चांगल्याच होत्या. त्यांचं काही चुकलं नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढची कुरकुर करायला मी मोकळी.

मी हात पुढे केले. म्हटलं, तबला वाजवते, शिकवते, दर थंडीत बोटं फुटतात. त्यांनी माझी उजवी तर्जनी दिव्याखाली धरली, उलटसुलट केली, मग अंगठा बघितला आणि विचारलं, "घरी भांडी कोण घासतं?"

बस्स, एवढंच. आणि सकाळपासून माझं कशात लक्ष नाही.

मी तिथे तबला वाजवणारीचे हात घेऊन गेले होते. लाज वाटत नव्हतीच, उलट थोडी मिरवायलाच नेले होते म्हणा ना. तर्जनीच्या पहिल्या पेराच्या घडीत आडवी चीर, बोट वाकवलं की उघडते, आत लालभडक. तिच्या शेजारी तो पिवळट घट्टा, 'ना' हा बोल वाजवून वाजवून तबल्याच्या किनारीने दिलेला. थंडीत बोट फुटलं की गुरुजी खूश व्हायचे. गुरुजींचं आज नको.

तर घट्टा तबल्याचा, चीर मात्र साबणाची, असा निकाल लागला. पुरावा अंगठ्याचा. अंगठ्यालाही तशीच भेग आहे आणि अंगठा किनारीवर येतोच कुठे? मी म्हणणार होते की धिरधिर या बोलाला तळव्याची ती बाजूसुद्धा लागते. पण बाहेर पेशंट ताटकळत होते आणि धिरधिर म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती.

त्यांनी नीट समजावलं, ते मला आवडलं. तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतातच म्हणे. त्वचेवर जो काही स्निग्धपणा असतो तो साबण आणि कढत पाणी मिळून धुऊन नेतं. वर आपली नाशिकची थंडी, पेपरात रोज निफाडचा पारा. हवेत ओलावा नाही. अशा कोरड्या, ताठ झालेल्या कातडीवर मी संध्याकाळी तासन् तास किनार हाणते. तबला फक्त शेवटचा धक्का देतो. म्हणजे इतकी वर्षं जी जखम मी रियाजाच्या खात्यावर मांडत होते, ती खरकट्याच्या खात्यावर निघाली.

आबान मिस्त्रींना कुणी हा प्रश्न विचारला असेल का? बायकांनी तबल्याला हात लावायचा नाही अशा काळात त्या एकल वाजवत होत्या. नाना उभी हयात सप्ताहात मृदंग वाजवतात, धुमेला, म्हणजे त्याच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात, त्यांना तर कुणी विचारलेलं नाही. फोनवर सांगितलं तर हसले. म्हणाले, "कणकेचा हात कधी फुटत नाही बघ." कणीक मळून देतं कोण, ते मी विचारलं नाही.

दुपारी नुसती रडत होते. हातासाठी नाही. कशासाठी ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही.

संध्याकाळी परीक्षेची मुलं आली. 'धाती धागे नाधा तिरकिट' दुगुनीत, दुप्पट लयीत घ्यायचं होतं. चीर असली की 'ना' अंग चोरतो. तर्जनी किनारीवर सपाट न पडता कळ चुकवायला किंचित तिरपी पडते आणि आस, मागे रेंगाळणारा नाद, बसकी येते. मुलांना कळलं नाही, मला कळलं. चिकटपट्टी लावून बघितली तर 'ना' पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. एक पोरगं म्हणालं, "ताई, फेव्हिक्विक लावा, गिटारवाले लावतात." लावत असतील बापडे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला परत बोलावलं असतं.

त्यात तबल्याचा सूरही चढलेला. कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओढली जाते. काळी चारच्या सुराचा तबला वरच्या पांढरी सहाकडे डोळे लावून बसतो, गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची वेणी, खालून ठोकून ठोकून उतरवावा लागतो. हातोडी धरतानाही अंगठा कळ मारतो. तोच तो, घासणीवाला.

आता उपाय. पंख्याखालचा पावडरीचा डबा आधी कपाटात गेला. घाम उन्हाळ्यात येतो, शंखजिऱ्याची ती पावडर तेव्हाची. थंडीत आहे ती ओल तरी कशाला शोषून घ्यायची? हात धुवायचे कोमट पाण्याने, टिपायचे, चोळायचे नाहीत आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. युरियावालं दिलंय, दहा टक्क्यांचं. पण उघड्या चिरेत ते झोंबतं, म्हणून चीर बुजेपर्यंत तिथे साधी पेट्रोलियम जेली. रात्री जाड थर लावून सुती हातमोजे. भांड्यांना रबरी हातमोजे, आत सुती, नाहीतर आत घाम साचून आणखी वाट लागते.

आणि वाजवायच्या आधी काही म्हणजे काही लावायचं नाही, हे मात्र माझं मला ठाऊक. तेलकट बोट मधल्या काळ्या शाईवर पडलं की शाई खराब, तिच्या भोवतीच्या मैदानावर डाग. पुडी बदलायचे पैसे मलमापेक्षा किती तरी जास्त.

खोबरेल थंडीत बाटलीत दगड होऊन बसलंय. पण वन्संनी कुडाळहून पाठवलेलं मुठेल सापडलं. कोकमाच्या बियांचं ते तेल, मुठीत दाबून केलेला फिकट गोळा, त्यावर करणारीच्या बोटांचे खळगे अजून दिसतात. पळीत चमचाभर वितळवलं, कोमट होऊ दिलं, काडीने चिरेत भरलं. गार होऊन तिथेच घट्ट बसलं. डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्यांचे प्रश्न बास झाले.

लिहिता लिहिता वाटतंय, मला नक्की कशाचा राग आलाय? भांडी घासते हे खरंच आहे. पोटापुरता तबला वाजतो हेही खरं. दोन्ही याच हातांनी होतं आणि दत्तजयंतीच्या भजनाला काळी चार लावून मीच बसणार आहे. मंडळातल्या एकूण एक बायकांची बोटं फुटलेली असतील, टाळ धरणाऱ्यांचीसुद्धा. त्यांच्याकडे निदान रियाजाची सबब नाही. माझ्याकडे होती, ती आज गेली. जाऊ दे. अंगठ्याची भेग तेवढी धिरधिरची म्हणून ठेवून घेते.

जेवताना ह्यांना प्रश्न जसाच्या तसा ऐकवला. स्वतःहून उठले. बराच वेळ नळ चालू होता, बाहेर आले ते शर्टाच्या बाह्या भिजवून. कढईचा तळ तसाच चिकट आहे, मी बोट फिरवून बघितलं. डाव्या हाताचं. परत घासणार नाहीये. उद्या पोहे चिकटले तर चिकटले.