पपईचं रोप नर की मादी, आधी कळतं का?

‘नर रोपं रोपवाटिकेतच वेगळी काढता येतील का?’ पपई लावणारे हे हमखास विचारतात. नुसतं बघून, नाही. मुळांची ठेवण, बियांचा रंग, पाण्यात बुडणारं बी अशा खुणा सांगणारे भेटतात. त्यांच्या भरवशावर रोपं फेकू नका. पानाच्या तुकड्यावरून डीएनए चाचणी होते आणि ती खरी ठरते, पण ती बियाणं तयार करणाऱ्याला परवडते, एकरभर लावणाऱ्याला क्वचितच.

लिंग बी धरतानाच ठरलेलं असतं. पपईत गुणसूत्रांच्या 9 जोड्या आहेत, त्यातली एक जोडी हे ठरवते. दोन्ही एक्स असतील तर मादी. एक्सबरोबर वाय असेल तर नर. आणि वायचाच थोडा वेगळा प्रकार, वाय-एच, असेल तर उभयलिंगी. तोंडलीच्या नर वेलात वाय इतकं मोठं असतं की सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं. पपईत तसं नाही, जोडी सारखीच दिसते. फरक आतल्या एका छोट्या पट्ट्यात आहे.

एक्स नसलेलं बी जगत नाही, गर्भातच मरतं. म्हणून उभयलिंगी झाडाचं त्याच्याच परागाने धरलेलं बी पेरलं तर 2 उभयलिंगी आणि 1 मादी असं प्रमाण पडतं, नर एकही नाही. मादीला उभयलिंगीचा पराग मिळाला तर दोन्ही निम्मे निम्मे. मादीला नराचा मिळाला तर निम्मे नर.

तेव्हा बी घेताना पहिला प्रश्न जातीचा. को-2, पुसा नन्हा यांत नर आणि मादी वेगळे. तैवान 786, पुसा डेलिशियस, सूर्या यांत उभयलिंगी आणि मादी.

आता 6 बाय 6 फुटांवर एकरी 1,210 खड्डे धरा. नर-मादी जातीत खड्ड्यात एकच रोप लावलं तर निम्मे खड्डे नर. दोन लावली तर पाव. तीन लावली तर आठवा हिस्सा, म्हणजे 151 खड्ड्यांत सगळे नरच निघतील. हे नुकसान वाटतं, पण परागासाठी दहा माद्यांमागे एक नर हवाच असतो, म्हणजे 110 च्या आसपास. हिशेब जवळजवळ जुळतो. चौथं रोप लावायची गरज मला दिसत नाही. मात्र हे नर खड्डे सारखे विखुरलेले नसतात. एखाद्या कोपऱ्यात नर नसलाच तर तिथे मादीऐवजी एखादा नर मुद्दाम राखा.

उभयलिंगी जातीत दोन रोपं पुरतात. दोन्ही मादी निघण्याची शक्यता नवव्या हिश्शाची, आणि शेजारचा पराग मिळाला की तेही खड्डे फळतातच. फळ गोल येतं, आतली पोकळी मोठी. बाजारात लांबट फळाला जास्त मागणी, एवढाच तोटा.

खड्ड्यात एकच रोप ठेवायची विरळणी कळ्या आल्यावरच करा, साधारण चार ते सहा महिन्यांनी. नराच्या कळ्या लांब, लोंबत्या, फांद्या फुटलेल्या देठावर झुपक्याने येतात. मादी आणि उभयलिंगी दोन्हींच्या खोडालगत, तिथेच घोळ होतो. कळी ब्लेडने उभी चिरा. बुडाशी फुगलेली, टोकाला निमुळती, आत गोल बीजकोष आणि पुंकेसर अजिबात नाहीत, ती मादी. लांबट कळी, सडपातळ बीजकोष आणि भोवती पिवळे पुंकेसर, ती उभयलिंगी. नको असलेलं रोप उपटू नका, ठेवायच्या रोपाची मुळं दुखावतात, जमिनीलगत कापा.

इतकं करूनही उन्हाळ्यात तक्रार येते: ‘उभयलिंगी ठेवलं, ते नर झालं.’ गुणसूत्र बदललेलं नसतं. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांत उभयलिंगी फुलातला बीजकोष खुरटतो, फूल गळतं आणि खोडावर फळांच्या मधे रिकामा पट्टा राहतो. उलट थंडीत, भरपूर पाणी आणि युरिया मिळाला की पुंकेसर बीजकोषाला चिकटतात आणि फळं वेडीवाकडी, खाचा पडलेली येतात. ती लहान असतानाच तोडा, थंडीत नत्राचा हात आखडता घ्या. झाड कापू नका, हवामान निवळलं की फुलं पुन्हा नीट येतात. मादी झाड मात्र उन्हा-थंडीने असं बदलत नाही.

नर झाडाला खिळा ठोकला की ते फळतं, असंही म्हणतात. थंडीत काही नर झाडं आपसूकच लांब देठाच्या टोकाला एखाददुसरं फळ धरतात आणि श्रेय खिळ्याला मिळतं.