स्वामींचं ताट

मंगळवार, रात्री

जी. ए. कुलकर्णींची, म्हणजे जीएंची ‘स्वामी’ ही कथा पुन्हा वाचली आणि मला त्या माणसाचा हेवा वाटला. रविवारी दुपारी वाटला तो आज मंगळवार संपत आला तरी जात नाही, म्हणून लिहायला बसले.

ती काय हेवा वाटण्यासारखी गोष्ट आहे? ज्यांनी ती ज्यात आहे तो ‘पिंगळावेळ’ संग्रह वाचलाय त्यांना सांगायला नको. एक माणूस अनोळखी गावातल्या मठात तिथल्या महंताबरोबर पाहुणा म्हणून जातो, त्याचं आगतस्वागत होतं, आणि मग हळूहळू उलगडतं की हा पाहुणचार कायमचा आहे. त्याला स्वामी केलंय. जमिनीखालची खोली, बंद दार. हवं-नको ते सगळं वेळच्या वेळी आत येईल, त्याने फक्त बाहेर जायचं नाही. मरेपर्यंत. कॉलेजात पहिल्यांदा वाचली त्या रात्री मी होस्टेलच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून झोपले होते. रूममेट डासांमुळे चिडली होती, तरी मी उठून लावलं नव्हतं. आणि परवा, ज्या पानावर तेव्हा माझा श्वास अडकला होता त्याच पानावर, मनात काय यावं? की चला, याला उद्या सकाळी उठून डबा करायचा नाही.

बरं, गंमत म्हणून आलं असतं तर सोडून दिलं असतं. पण नाही. मी ते पान पुन्हा वाचलं. खोली कशी आहे, आत काय काय आहे, जेवण कसं येतं, हे मी भाड्याने जागा बघायला आल्यासारखी बघत होते. पुढे त्या अंधारात एक वेल वाढू लागते, तो तिला जपतो, ती उजेडाकडे निघते. सगळे समीक्षक तिथे थांबतात, मीही पूर्वी तिथेच थांबायचे. या खेपेला वेल मला जरा नकोशीच झाली. कशाला? आता कुठे निवांत बसला होता ना तो.

नानांची घंटी वाजली, उठले.

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तुला बदल हवाय, चार दिवस महाबळेश्वरला जाऊन ये. मी जायचं म्हणजे इकडचं कोणी बघायचं, हे ती विचारत नाही. ते असो. ते लिहायला नव्हते बसले.

प्रश्न असा आहे की हे फक्त ‘स्वामी’पुरतं आहे का. गेले काही महिने मी ओळीने काळंच वाचतेय. ऑफिसातून आल्यावर नानांचं सगळं आटोपलं की रात्रीचा तेवढा तासभर मिळतो आणि त्यात मला गोड काही चालत नाही. नारायण धारपांच्या भयकथांपासून सुरुवात केली होती. शाळेत असताना धारप वाचून रात्री बाथरूमला जायला आईला उठवायचे. आता त्यांच्या त्या जुन्या वाड्यांत शिरले की आधी विचार येतो, इतक्या खोल्या झाडत कोण असेल? आणि त्यांच्या गोष्टींतले समर्थ मला लहानपणीही तितकेसे का आवडायचे नाहीत ते आता लक्षात आलं. ते आले की गोष्टीतली भीती संपते. अमुक पानावर एक शांत, जाणता माणूस येणार, सगळं निस्तरणार आणि निघून जाणार, हे माहीत असलं की मग भुताची काय पत्रास? रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत तसं कोणी येत नाही. त्यांच्याकडे माणसंच एकमेकांना पुरेशी असतात, शेवटच्या दोन ओळींत पायाखालची जमीन जाते आणि आपण तसेच लटकत राहतो. भीती म्हणून मला मतकरी जास्त खरे वाटतात. पण त्यांच्या गोष्टींत मला राहावंसं वाटत नाही. आणि सध्या माझी अडचण ही आहे की मला काही गोष्टींत राहायला जावंसं वाटतंय.

उदाहरणार्थ अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन. ‘वुई हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कासल’, १९६२ची कादंबरी. दोन बहिणी, मेरीकॅट आणि कॉन्स्टन्स, आणि चाकांच्या खुर्चीतले ज्युलियनकाका. एवढेच उरलेत. बाकीचं कुटुंब सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणाला बसलं आणि साखरेतून आर्सेनिक पोटात जाऊन संपलं. गाव या बहिणींचा द्वेष करतं, त्या फाटक लावून आत राहतात. कोणी येत नाही, कोणी जात नाही. फक्त मेरीकॅट आठवड्यातून दोनदा सामान आणि लायब्ररीची पुस्तकं आणायला गावात जाते. भयकथा म्हणून गाजलेलं पुस्तक, आणि मी ते वाचताना पाय पोटाशी घेऊन अशी काही सुखात बसले होते की विचारू नका. शेवटी तर अशी परिस्थिती येते की त्या दोघी दारं-खिडक्या झाकून घेतात, घरावर वेली चढतात (इथेही वेली!) आणि गावातले लोक रात्री अपराध्यासारखे दाराशी जेवण ठेवून जातात. कोंबडी, ‘पाय’ (pie), जे असेल ते. आयतं. मला वाटलं, याहून चांगला शेवट कुठल्या पुस्तकाचा असतो?

ही जॅक्सनबाई स्वतः शेवटच्या काळात घराबाहेर पडायला घाबरायची. चार मुलं, नवरा, घर, आणि त्यातून वेळ काढून हे लिहिणं. बाळंतपणाला हॉस्पिटलात गेली, तिथल्या कारकून बाईने व्यवसाय विचारला. ही म्हणाली, लेखिका. तर उत्तर मिळालं की मी आपलं हाऊसवाइफ लिहिते. हा किस्सा तिने स्वतःच लिहून ठेवलाय आणि हसवण्यासाठी लिहिलाय. मी हसले नाही. तेव्हा तिची ‘द लॉटरी’ ही कथा छापून येऊन गेलेली होती, अमेरिकाभर लोकांनी संतापून पत्रं पाठवली होती, तरी फॉर्मवर हाऊसवाइफ.

दुसरं राहायला जाण्याजोगं पुस्तक सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’, २०२०चं. एक अमर्याद घर. दालनामागून दालनं, भिंतींशी पुतळेच पुतळे, खालच्या मजल्यात समुद्र, वरच्या मजल्यात ढग. आणि त्यात एकटा एक माणूस रोजनिशी लिहितो. आपण कोण, कुठून आलो हे तो विसरलाय आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. मासे धरतो, समुद्रशेवाळाचं सूप करतो, भरतीच्या वेळा मांडतो. वर्षांना आकडे देत नाही, नावं देतो. ज्या वर्षी दालनांत अल्बाट्रॉस पक्षी आला, त्या वर्षाला त्या पक्ष्याचं नाव. पुढे वाचणाऱ्याला कळून चुकतं की हा कैदी आहे, याच्यावर फार भयंकर अन्याय झालाय. मला कळलं. राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण त्याला सोडवायला माणूस येणार असं दिसायला लागलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो सुटकेसाठी नव्हता. नका हो नेऊ त्याला परत, असं झालं मला. लाइट बिल भरायला नेताय का?

एक जाताजाता. मेरीकॅट गावात जाते ते मंगळवारी आणि शुक्रवारी. पिरानेसीला त्या घरात भेटणारा एकमेव जिवंत माणूस, तोही मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली म्हणून लक्षात आलं. आपल्याकडचे देवीचे वार! कोणा प्राध्यापकाला शोधनिबंध करायचा असेल तर खुशाल घ्यावा.

तर हेवा. काल रात्री त्याचं रडण्यात रूपांतर झालं. कारण काही विशेष नव्हतं. नानांनी सूप सांडलं, चादर बदलली, मशीन लावलं, मार्चचं काम लॅपटॉपवर उघडं पडलेलं, धाकट्याने खोलीतूनच ओरडून विचारलं की माझा निळा टी-शर्ट कुठाय. आणि मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की मला कोणी फसवून का होईना पण एखाद्या मठात नेत का नाही. माझ्या वाटणीचा महंत कुठे अडकलाय. अशी स्वतःची कीव आली की शेजारच्या बाल्कनीतल्या काकूंनी खोकून आपण तिथे असल्याचं कळवलं.

आज संध्याकाळी नानांचं ताट वाढत होते. भात मऊ, वरणात मीठ कमी, भोपळ्याची भाजी वेगळ्या वाटीत, कारण भाताला लागलेली चालत नाही. ताट उचललं, खोलीच्या दाराशी आले, दार पायाने ढकललं. आणि तिथेच थांबले.

स्वामींचं ताट कोण नेतं?

म्हणजे, खाणं वेळच्या वेळी आत येतं, हे मी इतक्यांदा वाचलं आणि ते कुठून येतं हे मला एकदाही सुचलं नाही. मठात चूल असणार. कोणीतरी पहाटे उठत असणार. स्वामींना काय सोसतं, काय नाही, हे कोणाला तरी पाठ असणार. त्या माणसाची गोष्ट जीएंनी लिहिली नाही. जीए धारवाडला राहायचे तेव्हा घरात त्यांच्या मावसबहिणी होत्या. जीएंनी त्यांच्यावर अपार माया केली, याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी फक्त चहाचा विचार करतेय.

मग ती जागाच सापडली म्हणायची. ताट खाली ठेवून डोक्यातल्या डोक्यात सगळी पुस्तकं पुन्हा उघडली. जॅक्सनची कॉन्स्टन्स! मी जिच्या सुखाला दृष्ट लावत होते ती बाई अख्खं पुस्तकभर स्वयंपाकच करत असते. काकांचं खाणं, बहिणीचं खाणं, तळघरात मुरांब्यांच्या बरण्या. काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये सगळ्यांना ग्रेगोर दिसतो, सकाळी उठतो तर किडा झालेला, आणि तशातही पाचची गाडी चुकल्याची चिंता करणारा. (त्याचाही मी एकेकाळी हेवा केलाय. गाडी चुकली ती कायमची चुकली.) पण त्याला आता काय आवडेल हे बघायला जुन्या वर्तमानपत्रावर शिळी भाजी, हाडकं, चीज असं नाना प्रकारचं मांडून ठेवते ती त्याची बहीण ग्रेटा. सुरुवातीला मनापासून. मग तिला नोकरी लागते, मग ती घाईत असते, मग वाटी पायानेच आत सरकवते. वाचणारे तिच्यावर चिडतात. मीही चिडले होते. आज मी दार पायाने ढकललं होतं.

उरला पिरानेसी. त्याला बाहेरून बूट येतात, व्हिटॅमिनच्या गोळ्या येतात, पण बाकीचं तो स्वतः बघतो. आणि त्याहून पुढे, त्या घरात काही सांगाडे आहेत, कोणाचे ते त्याला माहीत नाही, तर हा त्यांच्यासाठी खाणंपिणं आणि पाण्यातली कमळं घेऊन जातो. त्यांच्याशी बोलतो. कोणी सांगितलेलं नाही, बघायला कोणी नाही. कैदीही तोच आणि ताट नेणाराही तोच. ते पुस्तक मी परत केलेलं नाही. ताई मागतेय. देईन.

थोडक्यात, ज्या गोष्टींत मी राहायला निघाले होते त्यांत माझी भरती कुठल्या खात्यात झाली असती ते स्पष्ट आहे. मला महंताने नेलं असतं तर स्वामी म्हणून खचितच नाही. म्हणाला असता, बरं झालं आलात, भोपळा चिरायचाय.

हसू आलं. नानांनी विचारलं, का हसतेस? भात निवत होता, भरवता भरवता मी त्यांना काफ्का सांगितला. ट्रेझरीत जन्म गेलेल्या माणसाला किडा वगैरे झाल्याचं विशेष वाटलं नाही. त्यांना त्या बापात रस. बापाचा धंदा बुडालेला, सगळं घर मुलाच्या पगारावर, पण मुलगा निकामी झाल्यावर बाप हळूच सांगतो की थोडी शिल्लक आहे बाजूला. मला तो बाप लबाड वाटत आलाय. नाना म्हणाले, “शहाणा माणूस. शिल्लक असावीच.” मग म्हणाले, “तो हाफिसातून चौकशीला आलेला, त्याने रजा मंजूर केली का?” म्हटलं, नाही, तो किडा बघून जिन्यावरून पळाला. नाना इतके हसले की पाठ चोळावी लागली. भात मात्र सगळा संपला.

उद्या त्यांना जॅक्सनची सांगणार आहे. साखरेचा भाग चहाआधी सांगायचा की चहा झाल्यावर, ते ठरवायचंय. त्यांना दोन चमचे लागते.